आधी मीठ, मग सोडा

मिराबाई राठोडची लाल ओढणी कॉलेजात प्रसिद्ध होती. वीस वर्षांपूर्वी तिने ती स्वतःच्या हाताने रंगवली होती. तेव्हापासून ती किती वेळा धुतली, दगडावर आपटली, उन्हात वाळवली हे देवच जाणे, पण लाल तो लालच. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या पोरी विचारायच्या, “मावशी, कोणता रंग लागलाय हो हिला?” मिराबाई ओढणीचं टोक पुढे करून म्हणायची, “ह्यो लागलेला न्हाई, बसलेला हाय. लागलेला रंग धुतला की जातो.” पोरी हसायच्या. हा फरक कळायला मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना पुढे वर्षाहून जास्त वेळ लागला, आणि तेवढ्यात एका भल्या माणसाचं नाव जाता जाता राहिलं.

मिराबाई डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरची. तिचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखभर हिंडले. तिच्या नवऱ्याच्या, प्रेमदासच्या वाट्याला मात्र थोडं मुरमाड रान आणि एक बैलजोडी आली. प्रेमदास स्वभावाने इतका गप्प की त्याला काही विचारायचं असलं तर लोक मिराबाईलाच विचारायचे. रानातलं काम उरकलं की मिराबाई वसमतला यायची, कारण तिथे शेषराव रंगाऱ्याकडे सूत रंगवायचं काम मिळे. पुढेपुढे ती वसमतलाच एक खोली घेऊन राहिली.

शेषराव तोंडाने फटकळ, पण शिकवायला हात आखडता घेणारा नव्हता. मुंबईहून येणाऱ्या पुड्यांचे रंग तो कढईत सोडायचा आणि पहिल्या दिवशीच त्याने मिराबाईला बजावलं, “आधी मीठ, मग सोडा. मिठानं रंग सुताच्या पोटात जातो, सोड्यानं तिथं बसतो. सोडा आधी टाकला तर रंग पाण्यातच बसल, सुतावर निस्ता चिकटल. मंग गिऱ्हाईक माज्या दारात येऊन शिव्या देईल, तुला न्हाई.” मीठ टाकल्यावर तो दगडावर बसून सावकाश दोन बिड्या ओढायचा. दुसरी बिडी विझली की सोडा. मिठाचं माप म्हणजे मिराबाईची मूठ, कारण शेषरावच्या संधिवाताने वाकड्या झालेल्या बोटांत मीठ राहत नसे.

रंग पक्का झाला की नाही हे बघायची त्याची एक रीत होती. रंगवून धुतलेल्या सुताची लडी ओल्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळायची, वर पाटा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी फडकं उलगडायचं. फडकं पांढरं निघालं तर लडी बाजारात जायची, नाहीतर पुन्हा कढईत. “फडकं खोटं बोलत न्हाई,” असं शेषराव म्हणायचा आणि बाकी सगळं जग खोटं बोलतं अशी त्याची खात्री होती.

त्र्याण्णव साली मिराबाईची लेक मिना आठ वर्षांची होती. कडब्याच्या गंजीतून पेंढी ओढताना तिच्या पायाला घोणस चावली. डोंगरकड्याच्या एका जीपवाल्याने लग्नाचं वऱ्हाड वाटेतच उतरवलं आणि पोरीला नांदेडला पोचवलं. त्या वऱ्हाडातल्या एका माणसानेही कुरकुर केली नाही, उलट नवरदेवाच्या मामाने आपलं उपरणं मिनाच्या पायाखाली घातलं. मिराबाई ते उपरणं पुढे धुऊन, घडी घालून परत द्यायला गेली होती. दवाखान्यात सापाच्या विषावरची लस टोचली आणि पाव तासात मिना थडथडा उडायला लागली. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी धावत येऊन दुसरं इंजेक्शन दिलं, नर्सबाईंनी पोरीला दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि ती वाचली.

“सापानं मारली न्हाई अन् औषधानं मारून राहिले व्हते,” असं मिराबाई तेव्हा रागात बोलून गेली. डॉक्टर रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाई, हे औषध घोड्याच्या रक्तातून काढतात. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या रक्तात उतारा तयार करतात. पण उताऱ्यासोबत घोड्याचं बाकीचंही काहीबाही येतं आणि ते एखाद्याच्या अंगाला सोसत नाही. तरीपण हे नसतं तर तुमची पोरगी आज नसती.” मिराबाईने ते मनात धरून ठेवलं. तेव्हापासून वसमतच्या तांगा अड्ड्यावरून जाताना ती घोड्यापुढे गुळाचा खडा धरायची. तांगेवाल्यांना वाटायचं बाईचा काही नवस असेल. नवस नव्हता, उपकार होते, आणि ते कुणा एकाचे म्हणावेत हे तिला ठरवता येत नव्हतं. जीपवाल्याचे, वऱ्हाडाचे, डॉक्टरांचे, नर्सबाईंचे, घोड्याचे. त्यातला घोडा तेवढा रोज भेटायचा.

शहाण्णवला तयार कपड्यांपुढे शेषरावचा धंदा बसला. म्हातारा लेकाकडे निघून गेला आणि जाताना मिराबाईला एका कॉलेजात चिकटवून गेला. केमिस्ट्रीचे औंढेकर सर त्याच्या ओळखीचे होते; ते रंगांच्या रसायनाबद्दल विचारायला त्याच्याकडे यायचे आणि तो त्यांना काही सांगायचा नाही. मिराबाई रोजंदारीवर लागली. काचेची भांडी धुवायची, पाणी भरायचं, टेबलं पुसायची.

बंडोपंत औंढेकर म्हणजे पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधत फिरणारे गृहस्थ. घरचे औंढ्याच्या देवळात पिढ्यान्‌पिढ्या पूजेला. हे एकटेच पुण्याला जाऊन डॉक्टरेट करून आले आणि सगळ्यांनी वेड्यात काढलं तरी वसमतलाच राहिले. नव्याण्णवला परभणीतून फुटून हिंगोली जिल्हा झाला, तेव्हा कॉलेजने पेढे वाटले आणि सर म्हणाले, “नवीन जिल्ह्यात काहीतरी नवीन काम व्हायला हवं.” लोकांना वाटलं भाषणातलं वाक्य आहे. पण दोन हजार एक साल उजाडलं तसा पुण्याच्या एका संस्थेशी पत्रव्यवहार करून सरांनी खरंच काम आणलं. मदतीला हिंगोलीची गुंजन नावाची मुलगी पीएच.डी.साठी आली. हुशार, चटचटीत आणि मनात येईल ते लगेच बोलून टाकणारी.

एक दिवस बर्फात ठेवलेल्या बाटल्या पुण्याहून आल्या. मिराबाईने विचारलं, “सर, काय हाय ह्यात?”

“घोड्याच्या रक्तातलं पाणी. सर्पदंशाची लस करतात त्यातलं.”

मिराबाई होती तिथेच स्टुलावर बसली. सरांनी घाबरून पाणी आणलं, आणि मग तिने मिनाची सगळी हकिगत सांगितली. सर ऐकत राहिले. संपल्यावर त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर, एखाद्या वर्गासमोर काढावं तसं, तिच्या एकटीसाठी चित्र काढलं. खसखशीएवढे पांढरे मणी. प्रत्येक मण्याला गळासारख्या बारीक बारीक आकड्या. आकडी म्हणजे सरांनी इथे बनवलेला रेणू. अशा मण्यांनी काचेची नळी भरायची आणि वरून घोड्याच्या रक्तातलं पाणी सोडायचं. विषाचा उतारा म्हणजे अँटिबॉडी. ती तेवढी आकड्यांना अडकते आणि बाकीचा गाळ वाहून जातो. मग वेगळं पाणी सोडलं की आकडी पकड सोडते आणि शुद्ध उतारा खाली येतो. माणसाला टोचायच्या कितीतरी औषधी अँटिबॉडी आता अशाच वेचून काढतात, सर म्हणाले, पण त्यासाठी लागणारी आकडी जंतूंपासून काढतात. ती फार महाग आणि लवकर खराब होणारी. “स्वस्त, टिकाऊ आकडी आपल्याला बनवायचीय. म्हणजे तुमच्या मिनाला झाला तसा त्रास कमी लेकरांना होईल.”

“म्हंजी कापसातनं सरकी काढल्यावानी,” मिराबाई म्हणाली.

“अगदी बरोबर.”

त्या दिवसापासून मिराबाई त्या काचेच्या भांड्यांना जपायला लागली ती देव्हाऱ्यातल्या टाकांना जपावं तशी.

पण काम काही पुढे सरकेना. सरांचा रेणू फिका पिवळा होता. मणी सोड्याच्या गरम पाण्यात ठेवायचे, त्यात रेणू सोडायचा, दिवसभर हलवायचं आणि मग धुवायचं, अशी कृती. धुवायचं काम मिराबाईकडे. ती धुवायची आणि पाणी पिवळं यायचं. पुन्हा धुवायची, पुन्हा जरासं पिवळं. पुण्याहून कळायचं की आकडी मण्यावरून सुटून औषधातच उतरतेय. असं औषध माणसाला कसं द्यायचं? आठ महिन्यांत सरांनी रेणूची शेपटी, म्हणजे मण्याला जुळणारा त्याचा भाग, लांब करून पाहिली, आखूड करून पाहिली. पाणी आपलं पिवळंच.

“ताई, रंग कच्चा हाय ह्यो,” मिराबाई एकदा गुंजनला म्हणाली. “हळदीवानी. झटक्यात धरतो अन् टिकत न्हाई. मीठ काहून न्हाई टाकत तुमी?”

गुंजन हसली. “मावशी, हा रंग नाहीये, रेणू आहे. आणि रंगांच्या कृतीत मीठ असतं हे सरांना माहितीय. रंगाचे रेणू थोराड असतात म्हणून त्यांना मिठाने ढकलावं लागतं. आपला रेणू लहान आहे, तो आपला आपण आत जातो.”

मिराबाईने पुन्हा मणी धुवायला घेतले. एवढी शिकलेली पोर सांगते म्हणजे तसंच असेल. पण हाताला चैन पडेना. तिने धुतलेल्या मण्यांतले चिमूटभर मणी उचलले, ओल्या पांढऱ्या फडक्यात बांधले आणि वर प्रयोगशाळेतली जाड काचेची खलबत्त्याची वाटी पालथी घालून ठेवली. दुसऱ्या दिवशी फडक्यावर पिवळा डाग होता. ते फडकं तिने घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं.

दोन हजार दोनच्या जानेवारीत सर पेपर तपासायला नांदेडला गेले आणि गुंजन बहिणीच्या लग्नाला हिंगोलीला. मणी करायची एक खेप अर्धी तयार होती, ती वाया जाऊ नये म्हणून गुंजनने सगळं मोजून बाटल्यांत भरून ठेवलं आणि चिठ्ठी लिहिली: एक नंबरची बाटली सोड्याची, ती आधी, मग दोन नंबरची रेणूची, गरम पाण्यात ठेवून दिवसभर हलवत राहणे. मिराबाईला वाचता येत होतं. तिने चिठ्ठी दोनदा वाचली.

एक नंबरची बाटली हातात धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग ती बाटली तिने खाली ठेवली. आधी दोन नंबरची ओतली. जेवणाच्या पिशवीत खड्यांच्या मिठाची पुडी होती, त्यातलं मूठभर मीठ टाकलं आणि हलवत राहिली. भांड्यातलं पाणी हळूहळू फिकं झालं आणि मणी पिवळे झाले. शेषराव दगडावर बसलाय, दुसरी बिडी विझवतोय असं तिच्या डोळ्यांसमोर आलं, तेव्हा तिने सोडा टाकला. संध्याकाळी मणी धुतले. पहिलं पाणी पिवळं आलं, दुसरं थोडं, तिसरं पाण्यासारखं पाणी. चिमूटभर मणी तिने दुसऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधून वाटीखाली ठेवले. सकाळी फडकं पांढरं शुभ्र निघालं.

तिला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशी तांग्याच्या घोड्याला दोन खडे गूळ दिला. आणि मग तिला भीती वाटली.

तीन आठवड्यांनी पुण्याहून फोन आला. आकडी सुटत नाही, उतारा स्वच्छ निघतोय, असे मणी आजवर कुणी पाठवले नव्हते. सरांनी स्वतः जाऊन पेढे आणले, गुंजनने मिराबाईला मिठी मारली. ही खेप आपल्या नव्या लांब शेपटीमुळे जमली असं दोघांनी ठरवून टाकलं आणि वहीत तशी कृती लिहिली. मिराबाईने पेढा खाल्ला आणि ती काही बोलली नाही. नुकतीच तिला कायम करायची फाईल वर गेली होती आणि प्राचार्यांनी तंबी दिली होती, “बाई, वर्षभर तुमच्याबद्दल एक तक्रार यायला नको.” प्रयोगशाळेत न सांगता कुणी भांड्यात स्वयंपाकाचं मीठ टाकलं, तर ती तक्रार नाही तर काय? शिवाय काम तर झालंच होतं. आपण कशाला तोंड उघडा, असं तिला वाटलं. हे वाटणं तिला पुढे चार महिने छळत राहिलं.

कारण पुढची खेप बिघडली. त्याच्या पुढचीही. सरांनी मार्चमध्ये एका परिषदेत पहिल्या खेपेचा निकाल अभिमानाने सांगून टाकला होता आणि आता पुण्याचे लोक विचारत होते की तसे मणी पुन्हा का येत नाहीत. मे महिन्यात पत्र आलं. भाषा सभ्य होती, पण अर्थ असा की पहिला नमुना बाजारातून विकत आणून आपला म्हणून पाठवला की काय? तो नेमका कसा केला हे महिन्याच्या आत लेखी कळवावं, नाहीतर निष्कर्ष मागे घेतल्याचं जाहीर करावं लागेल.

सरांनी ते पत्र कुणाला दाखवलं नाही. ते फक्त चष्मा शोधेनासे झाले. कपाळावरचा चष्मा टेबलावर काढून ठेवायचे आणि खिडकीकडे बघत बसायचे. पत्र गुंजनच्या हाती लागलं आणि ती भांडी धुवायच्या नळाशी उभी राहून रडली.

“मावशी, सरांना लबाड म्हणून राहिलेत ते. सरांना.”

मिराबाईच्या हातातली काचेची नळी तशीच राहिली. त्या रात्री तिने प्रेमदासला सगळं सांगितलं. तो नेमका तांड्यावरून आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “नोकरी जाईल.”

“व्हय.”

“रान हाय आपलं,” प्रेमदास म्हणाला, आणि त्या विषयावर त्याला एवढंच काय ते बोलायचं होतं. मिराबाईला त्या तीन शब्दांनी जेवढा आधार दिला तेवढा आणखी कशानेही मिळाला नसता.

दुसऱ्या दिवशी दुपारी सर एकटे असताना ती त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. पिशवीतून दोन फडकी काढून तिने शेजारी शेजारी मांडली. एकावर पिवळा डाग, दुसरं पांढरं.

“हे काय, मिराबाई?”

“ह्ये डागाचं, आधीच्या मण्यांचं. अन् ह्ये पांढरं, पुण्याला गेलेल्या मण्यांचं. तवा तुमी न्हवते, ताई न्हवत्या. म्या चिठ्ठीपरमानं केलं न्हाई, सर. आधी मीठ टाकलं. माज्या पुडीतलं. मंग सोडा.”

सरांनी फडकी उचलली नाहीत. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

“आणि चार महिने तुम्ही गप्प बसलात?”

“व्हय.”

“मी चार महिने वेड्यासारखा शेपट्या मोजत बसलोय. गुंजन रोज रात्री जागते. पुण्याचे लोक मला चोर म्हणतायत. आणि तुम्ही रोज सकाळी माझं टेबल पुसत होतात?”

मिराबाईने मान खाली घातली. मीठ टाकल्याबद्दल रागावतील याची तिने तयारी केली होती. गप्प बसल्याबद्दल रागावतील हे तिच्या मनातच आलं नव्हतं, आणि ते बरोबर आहे हे तिला लगेच कळलं. “चुकलं, सर,” ती म्हणाली. “नोकरीला भ्याले. तुमी मला फळ्यावर चितार काढून दावलं व्हतं, अन् म्या तुमालाच सांगितलं न्हाई. तुमी काढून टाका मला. पर पुण्याला लिवा की मणी तुमचेच व्हते. मीठ माजं व्हतं.”

सर उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे राहूनच म्हणाले, “म्हणजे रेणू लहान असला तरी आपला आपण आत जात नाही.” थोड्या वेळाने पुन्हा स्वतःशीच, “सोडा आधी पडला की तो पाण्याशीच जुळतो आणि मण्यावर नुसता चिकटून बसतो. शेषरावने मला हे कधीच सांगितलं नाही, लेकाचा.” मग ते वळले. “मीठ किती टाकलं होतं?”

“एक मूठ.”

“एक मूठ म्हणजे किती?”

मिराबाईने हात पुढे केला.

मग त्या प्रयोगशाळेत जे चाललं ते बघायला बाजूच्या वर्गातली पोरं दारात जमली. सरांनी खड्यांचं मीठ मागवलं. मिराबाईने मूठ भरून तराजूवर सोडली: साठ ग्रॅम. पुन्हा भरली: एकसष्ट. तिसऱ्यांदा पुन्हा साठ. गुंजनने स्वतःची मूठ भरून पाहिली तर एकदा पंचेचाळीस आणि एकदा सत्तर. सर पहिल्यांदा हसले.

“आणि सोडा किती वेळाने?”

“शेषरावांच्या दोन बिड्यांनी.”

“तेव्हा शेषराव कुठे होता इथे?”

“बसलेत असं धरलं व्हतं.”

शेवटी दारावरच्या चौकीदाराला बोलावून सावकाश दोन बिड्या ओढायला लावल्या आणि गुंजन घड्याळ घेऊन त्याच्याशेजारी अंगणात बसली. सत्तावीस मिनिटं झाली. त्या चौकीदाराने आपण विज्ञानासाठी बिडी ओढली हे पुढे निवृत्त होईपर्यंत सगळ्यांना सांगितलं.

नवी खेप तिघांनी मिळून केली. बाटलीतलं शुद्ध मीठ, तराजूवर मोजून साठ ग्रॅम. पण भांड्यात टाकलं मिराबाईनेच, कारण सर म्हणाले की उगाच आणखी एक फरक नको. मणी पुण्याला गेले आणि सोबत सरांचं पत्र गेलं. त्यात काहीही न झाकता त्यांनी लिहिलं: मी एक पायरी चुकीच्या समजुतीने गाळली होती, ती आमच्या प्रयोगशाळेतल्या मिराबाई राठोड यांनी, ज्यांनी वसमतला पंधरा वर्षं सूत रंगवलं, मला न सांगता घातली. पहिल्या नमुन्याचं यश त्यांचं, नंतरच्या अपयशाचं कारण माझी वही. असं लिहायला किती मोठं मन लागतं हे मिराबाईला तेव्हा कळलं नाही. गुंजनने पत्र वाचून दाखवलं, तेव्हा ती एवढंच म्हणाली, “सरांनी सोतावर काहून घेतलं?”

पंधरा दिवस उत्तर आलं नाही. सरांच्या हातून तेवढ्यात दोन नळ्या फुटल्या आणि मिराबाईने तिसरी त्यांच्या हातून काढून घेतली. सोळाव्या दिवशी फोन आला. सर “हो, हो” म्हणत ऐकत राहिले, फोन ठेवला आणि कपाळावरचा चष्मा टेबलावर शोधायला लागले. त्यावरून दोघींना कळलं.

पण सरांचं पत्र प्राचार्यांपर्यंतही पोचलं होतं आणि प्राचार्यांना त्यातलं ‘मला न सांगता’ एवढंच दिसलं. मिराबाईची फाईल परत खाली आली. कायम व्हायला तिला आणखी दोन वर्षं लागली आणि तीही सर दर महिन्याला ऑफिसात जाऊन बसायचे म्हणून. तिने त्याची तक्रार केली नाही. “म्या चार महिने गप बसले, त्यांनी दोन वर्सं गप बसवलं,” असं ती हसून सांगायची. “पर सरांचं नाव राहिलं ना. बास.”

दोन हजार चारच्या थंडीत पुण्याहून एक छोटी बाटली आली. वसमतच्या मण्यांतून गाळून काढलेला उतारा, नुसता नमुना म्हणून. औषध म्हणून माणसाच्या अंगात जायला अजून कितीतरी वर्षं आणि कितीतरी तपासण्या लागणार होत्या. कदाचित जाणारही नाही, हे सरांनी स्पष्ट सांगितलं. तरी त्यांनी ती बाटली स्वतःच्या हाताने मिराबाईला दिली. त्या दिवशी मिना आली होती. ती तेव्हा नांदेडला नर्सिंगचं शिकत होती आणि सुट्टीत आईला भेटायला कॉलेजातच आली होती.

मिराबाईने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. मग पिशवीतून ते जुनं पांढरं फडकं काढून बाटलीच्या मागे धरलं आणि डोळे बारीक करून बघितलं. कुठे पिवळी झाक नव्हती.

“याडी, काय आहे यात?” आईला तांड्याच्या बोलीत हाक मारून मिनाने विचारलं.

“तू आठ वर्साची असताना तुज्या अंगात जे गेलं व्हतं ना, तेच. घोड्याचंच हाय.” तिने फडक्याची घडी घातली. “फकस्त धुतलेलं.”

मिनाला त्या दिवसातलं फारसं आठवत नव्हतं. नर्सबाईंचे दोन दाबून धरलेले हात तेवढे आठवत होते. तिने बाटली घेतली आणि बराच वेळ परत दिली नाही. सर आणि गुंजन दुसऱ्या टेबलापाशी उगाचच काहीतरी शोधत राहिले.

संध्याकाळी मायलेकी स्टँडकडे निघाल्या. रिक्षा आल्यापासून तांगा अड्डा ओस पडत चालला होता; एकच तांगा उभा होता आणि घोडा म्हातारा होता. मिराबाईने पिशवीतून गुळाचा खडा काढला, आणि या वेळी तो मिनाच्या हातात दिला.